मदत हवी आहे: पीएचडीच्या नवीन मुलांना पेपर लिहायला कसं शिकवायचं? (अर्जंट)

रानजाई
शनिवारी डिपार्टमेंटमधे पेपर रायटिंगचं वर्कशॉप आहे आणि सरांनी ते माझ्यावर टाकलंय. मागच्या वेळी बाहेरून वक्ते आले होते, दिवसभर स्लाइड्स, इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय वगैरे, पण नंतर एकाही मुलाने एक पॅराग्राफसुद्धा लिहिला नाही. मला मुलांकडून त्याच दिवशी काहीतरी लिहून घ्यायचंय. काय करून घेऊ? प्लीज लवकर सांगा.

घाटमाथा
विषय कुठला? मुलं किती? हातात डेटा आहे की अजून सिनॉप्सिसच चाललाय?

पिंपळपान_७
आधी झोटेरो शिकवा, रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे. मुलं रेफरन्स हाताने टाइप करत बसतात आणि जर्नल बदललं की सगळं परत.

घाटमाथा
अहो त्यांनी लिहून कसं घ्यायचं ते विचारलंय. झोटेरो अर्ध्या तासात येतं.

जुनी_वही
इंट्रोडक्शनपासून सुरुवात करू देऊ नका, मुलं तिथेच अडकतात. आधी फिगर्स आणि टेबल्स क्रमाने मांडायला लावा, प्रत्येकाखाली यातून काय दिसतं ते एका वाक्यात. मग मेथड्स, कारण ते स्वतः केलेलं असतं, आठवून लिहिता येतं. मग रिझल्ट्स, डिस्कशन. इंट्रो आणि ॲबस्ट्रॅक्ट (पेपरचा सारांश) सगळ्यात शेवटी. माझे विद्यार्थी असेच तयार झाले.

रानजाई
बॉटनी. आठ जण, डेटा फक्त तिघांकडे, बाकीचे पहिल्या वर्षाला. बरेचसे मराठी मिडियमचे. तोंडी विचारलं तर काम छान समजावून सांगतात पण इंग्रजीत लिहायला बसले की नेटवरची वाक्यं उचलतात.

ओलीमाती
मग मराठीत बोलू द्या ना! फोनवर रेकॉर्ड करा, तेच ऐकून साध्या इंग्रजीत उतरवायला सांगा. मीही मराठी मिडियमचीच, मला याचाच उपयोग झाला.

जुनी_वही
पटत नाही. दुप्पट काम होतं आणि इंग्रजीची भीती तशीच राहते. पहिल्या दिवसापासून मोडकंतोडकं का होईना इंग्रजीतच लिहू दे.

ओलीमाती
भीती इंग्रजीची असली तरी अडतं ते काय म्हणायचंय हे ठरलेलं नसतं म्हणून. ते आधी ठरू दे.

सह्यकडा
पण पेपरची सक्ती आहेच कुठे आता? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत थिसिसआधी पेपर छापायची अट काढली, आणि फेब्रुवारी २०२५ मधे केअर लिस्टही, म्हणजे त्यांची मान्य जर्नल्सची यादी, बंद केली.

घाटमाथा
लिस्ट गेली म्हणून तर जास्त शिकवायला हवं! आता जर्नल बरं की वाईट हे ज्याचं त्यानेच पारखायचं. पैसे भरा, आठवड्यात छापतो अशा मेल्स येतात आणि नवीन मुलं फसतात. डीओएजेवर (ओपन ॲक्सेस जर्नल्सची ऑनलाइन यादी) जर्नल कसं शोधायचं, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का हे कसं बघायचं, तेवढं दाखवाच. आणि रानजाई, डेटा नसलेल्यांना छापलेला एखादा छोटा पेपर ॲबस्ट्रॅक्ट काढून द्या, वाचून त्यांनी स्वतः ॲबस्ट्रॅक्ट लिहायचा, मग मूळ ॲबस्ट्रॅक्टशी ताडून बघायचा.

रानजाई
हे नक्की करते, थँक्यू! ज्यांच्याकडे डेटा आहे त्यांना फिगर्सवाली पद्धत, बोलणं मात्र मराठीत. पण एवढं सगळं मी एकटी तपासणार कधी?

ओलीमाती
तुम्ही नका तपासू. जोड्या लावा. दुसऱ्याचं वाचून जिथे कळलं नाही तिथे फक्त खूण करायची, व्याकरणाला हात लावायचा नाही. आणि दर पंधरा दिवसांनी तासभर परत बसवा त्यांना, एका शनिवारात पेपर होत नाही.