दम परत आला, गुडघा अजून नाही

गुडघ्याच्या वाटीभोवतीच्या दुखण्यामुळे सहा आठवडे धावणं बंद होतं, सायकल मात्र जमतेय, आणि आता २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकल राइड) व हाफ मॅरेथॉन एकाच मोसमात करायची आहे, असं तुम्ही म्हणताय. माझं स्पष्ट मत: यंदा ब्रेव्हे धरा, हाफ मॅरेथॉन पुढे ढकला.

सायकलिंगमुळे दम टिकून राहतो, आणि नेमका तिथेच घात होतो. फुप्फुसं म्हणतात पळ, पण हाडं आणि स्नायुबंध धक्के सोसायची सवय विसरलेले असतात. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो, पेडलिंगमध्ये तो धक्का नसतोच. मीही असंच दमाच्या भरवशावर पहिल्याच दिवशी ५ किमी पळाले होते. पुढचे तीन आठवडे जिना उतरताना त्रास झाला.

म्हणून आधी एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, एवढंच, तेही एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा आहे ते बघा. दुखणं वाढलेलं असेल तर एक पायरी मागे या. लांब राइडच्या दुसऱ्या दिवशी धावू नका, मांड्या थकलेल्या असतात.

आणि हो, सीटची उंची तपासलीत का? सीट खाली असेल तर गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर दाब वाढतो. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला पेडलचे ८०-९० फेरे ठेवा. ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, घाई करायची गरजच नाही.

फिजिओने दिलेले व्यायाम चालू आहेत ना? दुखणं थांबलं की ते पहिल्यांदा सुटतात.