जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या कामगारांसाठी कोणता संरक्षक पोशाख घ्यावा?

घोडबंदरकर

नमस्कार. आमची साफसफाईची कंत्राटे घेणारी छोटी संस्था असून ठाण्यातील मानपाडा ते कासारवडवली या पट्ट्यातील काही पॅथॉलॉजी लॅब आणि नर्सिंग होमचे काम आमच्याकडे आहे. आमचे कामगार लाल-पिवळ्या पिशव्या बांधून साठवण खोलीत नेतात, प्रक्रिया केंद्राची गाडी आली की त्या तिच्यात चढवतात आणि रक्ताचे नमुने घेतात त्या खोल्यांची लादी पुसतात. कामगारांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. आजवर पातळ लेटेक्सचे हातमोजे, साधा मास्क आणि प्लास्टिकचा एप्रन एवढ्यावर काम चालले होते. मात्र मागील महिन्यात लाल पिशवी उचलताना आतली सुई एका बाईंच्या मांडीला लागली. तपासण्या आणि औषधे वेळेवर सुरू झाली. तरीही आता सर्वांना नीट पोशाख द्यायचा असे आम्ही ठरवले आहे.

एक विक्रेता नखशिखांत पांढरे किट दाखवतो आणि “९० जीएसएम आहे, डोळे झाकून घ्या” असे सांगतो. दुसऱ्याचे किट त्याच्या जवळपास तिप्पट किमतीचे असून त्याच्या शिवणीवर निळी पट्टी आहे. प्रत्येकाला रोज असे किट द्यावे का, आणि द्यायचे झाल्यास दोहोंपैकी कोणते, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

ऐरोली_सुरक्षा

मी नवी मुंबईतील टीटीसी औद्योगिक पट्ट्यातील एका औषध कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर किटपासून सुरू होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या बाईंनी तिप्पट किमतीचे किट घातले असते तरी सुई तितक्याच सहजपणे आत गेली असती, कारण कव्हरऑल, म्हणजे किटमधला अंगभर झाकणारा पोशाख, द्रवासाठी आणि धुळीसाठी असतो, सुईसाठी नसतो. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार सुया, ब्लेड आणि सुईसकट सिरिंज पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात जायला हव्यात. त्या लाल पिशवीत सापडत असतील तर दोष लॅबच्या टेबलापाशी आहे आणि तो तिथेच दूर व्हायला हवा. हे लॅबला लेखी कळवा. संकोच वाटत असल्यास नियमाचा उल्लेख करून कळवा, पण कळवा.

दुसरी गोष्ट पिशवी उचलण्याच्या पद्धतीची. पिशवी तीन-चतुर्थांशाहून अधिक भरू देऊ नये, गळ्याला धरून उचलावी आणि पायापासून लांब ठेवावी, हे सर्वांना सांगितले जाते. परंतु जिन्यावर दोन्ही हातांत पिशव्या असल्या की त्या मांडीला घासणारच. झाकण आणि चाके असलेला प्लास्टिकचा डबा घेतल्यास हा प्रश्न जवळपास मिटतो. माझ्या मते आपल्या यादीत पहिला खर्च या डब्याचा असावा.

त्यानंतर काम पाहून पोशाख ठरवावा. बांधलेल्या पिशव्या नेणाऱ्यांना पूर्ण बाह्यांचा जाड सुती गणवेश, त्यावर गुडघ्याखाली येणारा जाड पीव्हीसीचा एप्रन, जाड हातमोजे आणि गमबूट पुरेसे आहेत. लादी पुसणाऱ्यांना यात गॉगलची भर घालावी, कारण पोछा पिळताना शिंतोडे थेट डोळ्यांपर्यंत येतात. कव्हरऑलची गरज पिशवी फुटून सांडलेले आवरताना किंवा साठवण खोली जोराच्या पाण्याने धुताना पडते. त्यासाठी दोन-चार नग हाताशी असावेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवसभर बंद किटमध्ये काम करणारा माणूस तासाभरात चेन उघडतो, घामाने भिजलेल्या हाताने चेहरा पुसतो, आणि मग किट असून नसल्यासारखेच होते.

वाशी_सूक्ष्मजीव

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. किटची पारख कशी करावी एवढेच सांगतो. जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम) हे कापडाचे वजन आहे, अडथळ्याची ताकद नाही. लेप नसलेले ९० जीएसएमचे कापड रक्त झिरपू देईल आणि आतून पातळ पडदा चिकटवलेले त्याहून हलके कापड ते अडवेल. म्हणून विक्रेत्याकडे जीएसएम न विचारता चाचणी अहवाल मागावा. कृत्रिम रक्ताच्या दाबाची चाचणी आयएसओ १६६०३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार होते आणि तिच्यात सहा वर्ग आहेत. तिसरा वर्ग म्हणजे ३.५ किलोपास्कल दाब सोसणारे कापड, सहावा म्हणजे २०. कोविडकाळात केंद्र सरकारने किमान तिसरा वर्ग मागितला होता. विषाणूसाठीची चाचणी आयएसओ १६६०४ ही वेगळी असते. युरोपीय मानकाचा पोशाख असेल तर कॉलरच्या आतल्या लेबलवर ईएन १४१२६ आणि प्रकाराच्या आकड्यापुढे ‘बी’ हे अक्षर असते. प्रकार ४-बी फवाऱ्यासाठी, ६-बी हलक्या शिंतोड्यांसाठी. भारतीय मानकाचा क्रमांक आयएस १७४२३ आहे. अहवालावरील उत्पादकाचे नाव आणि किटच्या पाकिटावरील नाव एकच आहे ना, हे अवश्य पाहा. अहवाल एका कापडाचा आणि माल दुसऱ्याच कापडाचा, हा प्रकार बाजारात अजिबात दुर्मीळ नाही.

आपण म्हणता ती निळी पट्टी शिवणीची भोके बंद करण्यासाठी असते. पट्टी नसलेल्या किटची शिवण ताणून उजेडासमोर धरा, सुईच्या टाक्यांची भोके ओळीने दिसतील, आणि रक्त सर्वांत आधी तिथूनच आत येते. सांडलेले आवरण्यासाठी किट घ्यायचे असेल तर पट्टीचेच घ्यावे.

हातमोज्यांबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. नायट्राइल या कृत्रिम रबराच्या पातळ हातमोज्यांवर ईएन आयएसओ ३७४-५ चे जैविक धोक्याचे चिन्ह आणि त्याखाली ‘व्हायरस’ असा शब्द असावा. त्यावर जाड रबरी किंवा नायट्राइलचे कोपराकडे जाणारे हातमोजे चढवावेत. “यातून काही टोचत नाही” असे सांगून विक्रेते ईएन ३८८ या हातमोज्यांच्या युरोपीय मानकाचा चौथा आकडा दाखवतात, परंतु ती चाचणी खिळ्यासारख्या जाड टोकाने घेतात. इंजेक्शनच्या बारीक सुईला तो आकडा लागू नाही. सुईसाठी एएसटीएम एफ २८७८ ही अमेरिकी मानकाची चाचणी आहे. ती उत्तीर्ण झालेले हातमोजे महाग असतात आणि तेही सुई अडवण्याची हमी देत नाहीत. पिशव्या चढवणाऱ्या मोजक्या लोकांना ते द्यावेत, सरसकट नाही.

कळवा_मुकादम

मी अनेक वर्षे सफाई कामगारांवर मुकादमी केली आहे. वरील दोघांनी कागद नीट सांगितला, पण मापाविषयी कोणीच बोलले नाही. बाजारातले किट आणि गमबूट पुरुषांच्या मापाने येतात. चार नंबरचा पाय सात नंबरच्या गमबुटात घातला की ती बाई जिन्यावर अडखळते आणि मग चपलेवरच येते. ऑर्डर देण्याआधी प्रत्येकीच्या पायाचे आणि हाताचे माप लिहून घ्या. साडीवर कव्हरऑल बसत नाही; आमच्याकडे ताईंनीच सलवार आणि जाड शर्ट सुचवला, आणि कपडे बदलायला कडी असलेली खोली मिळाल्यावर कोणीही कुरकुर केली नाही. आणखी एक, पँटचा पायघोळ भाग गमबुटाच्या बाहेर ठेवावा. आत खोचला की वरून ओघळलेले पाणी थेट बुटात उतरते.

घोडबंदरकर

आपणा सर्वांचे आभार. चाकांच्या डब्याचा विचार खरोखरच आमच्या मनात आला नव्हता. दोन शंका उरतात. एकदाच वापरायचे किट क्लोरिनच्या पाण्यात धुऊन पुन्हा वापरता येईल का? आणि हा सारा खर्च आमचाच की लॅबचाही?

वाशी_सूक्ष्मजीव

किट धुऊ नये. धुतल्यावर आतला पडदा आणि शिवणीची पट्टी सुटू लागते आणि ते वरून दिसत नाही. गॉगल, जाड हातमोजे, पीव्हीसी एप्रन आणि गमबूट मात्र धुऊन वापरता येतात. बाजारातले ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी घालून १ टक्क्याचे द्रावण रोज ताजे करावे, वस्तू दहा मिनिटे तरी त्यात ठेवावी आणि नंतर साध्या पाण्याने धुवावी. हे द्रावण संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, विषारी क्लोरिन वायू सुटतो. सुती गणवेश कामगारांच्या घरी धुवायला पाठवू नयेत. वापरलेले हातमोजे, गॉगल आणि प्लास्टिकचे कव्हरऑल लाल पिशवीत जातात, मास्क पिवळ्या पिशवीत.

ऐरोली_सुरक्षा

खर्चाबद्दल : २०१६ च्या नियमांनुसार कचरा ज्या आस्थापनेत निर्माण होतो तिने तो हाताळणाऱ्या सर्वांना संरक्षक साधने देणे, कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करणे बंधनकारक आहे. ‘सर्वांना’ यात आपले कामगारही आले. म्हणून पुढील कराराच्या वेळी हा खर्च लॅबच्या रकान्यात लिहून घ्यावा. सध्याच्या करारात नसेल तर स्वतंत्र पत्र द्यावे. पैसे लॅबकडून आले तरी खरेदी मात्र आपणच करावी, नाहीतर पुन्हा स्वस्तातले किट पदरात पडेल.

लस मी कोणत्याही किटच्या वर ठेवीन. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई लागल्यास कावीळ ‘ब’ होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के धरतात, एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. मध्येच काम सोडून जाणाऱ्यांचे डोस अर्धवट राहतात, म्हणून प्रत्येकाच्या हाती नोंदीचे कार्ड द्यावे. सुई लागल्यास काय करावे याचा कागद साठवण खोलीच्या दारावर मराठीत आणि हिंदीत लावावा : जखम साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये, स्पिरिट किंवा क्लोरिन लावू नये, बोट तोंडात घालू नये आणि लगेच एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधे देणारे केंद्र) असलेले सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. त्याच कागदावर रुग्णालयाचा पत्ता आणि रात्री फोन उचलणाऱ्या आपल्या माणसाचा नंबर ठळक अक्षरांत असावा.