ऑफिसातल्या मावशींना सुट्टीच्या दिवशी फिरायला नेणे योग्य ठरेल का?

घणसोलीची भाडेकरू

नमस्कार. मी मूळची बार्शीची. दीड वर्षापासून ऐरोलीतल्या एका कंपनीत नोकरी करते आणि घणसोलीत आणखी दोन मुलींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. सकाळची गाडी, मध्ये रबाळे, मग ऐरोली, दिवसभर संगणकापुढे बसणे आणि संध्याकाळी तोच रस्ता उलटा, असा माझा दिनक्रम आहे. शनिवार कपडे धुण्यात जातो आणि रविवार झोपेत. नोकरी लागल्यापासून मी नवी मुंबईत राहते खरी, पण स्थानक, ऑफिस आणि खोली सोडून या शहरातले मी जवळजवळ काहीच पाहिलेले नाही.

आमच्या मजल्यावर पॅन्ट्री सांभाळणाऱ्या एक मावशी आहेत. त्या जालना जिल्ह्यातल्या मंठ्याकडच्या असून बरीच वर्षे दिघ्याला राहतात. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मेसच्या डब्यातल्या पोळ्या मी रोज अर्ध्या टाकून देत असे, हे ऑफिसात दुसऱ्या कोणाच्याही लक्षात आले नव्हते. एके दिवशी डबा घासायच्या बेसिनपाशी त्यांनी मला विचारले, "ज्वारीची सवय आहे ना गं तुला?" दुसऱ्या दिवशी जुन्या धुवट फडक्यात बांधलेली भाकरी आणि वर तेल सोडलेली शेंगदाण्याची चटणी माझ्यासमोर आली. तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी ती येतेच.

गेल्या ऑगस्टमध्ये मला ताप भरला होता. सोबतच्या दोघी गावी गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली म्हणून उघडले, तर मावशी उभ्या होत्या. ऐरोलीहून दिघा ठाण्याच्या दिशेला आहे आणि घणसोली नेमकी उलट्या बाजूला. दिवसभराची ड्युटी संपवून, घरी न जाता, ऑफिसच्याच पॅन्ट्रीत शिजवलेली मुगाची पातळ खिचडी घेऊन त्या आल्या होत्या. मी चार घास खाईपर्यंत त्या चपला काढून दाराशीच बसून राहिल्या आणि जाताना माझी भांडी घासून गेल्या.

दिवाळीत मी त्यांना साडी दिली, तर भाऊबीजेनंतर करंज्यांचा डबा आणि ब्लाऊजपीस माझ्या टेबलावर आला. त्यांच्याकडून काही घेतले की ते माझ्याकडेच शिल्लक राहते आणि मी काही दिले की ते त्यांच्याकडे राहत नाही. एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या होत्या की मुंबईला येऊन इतकी वर्षे झाली, पण "फिरायला म्हणून" त्या कधी कुठे गेलेल्या नाहीत. तेव्हापासून त्यांना एखाद्या रविवारी कुठेतरी घेऊन जावे असे मनात आहे. मात्र त्यांना हा उपकार वाटेल का, किंवा संकोच होऊन त्या नाईलाजाने हो म्हणतील का, हे मला कळत नाही. आणि नेलेच तर गाडीरस्त्याने, आटोपशीर खर्चात, पन्नाशी ओलांडलेल्या आणि गुडघे दुखणाऱ्या बाईंना कुठे न्यावे, हेही जाणकारांनी सांगावे.

जुना नौपाडेकर

ताई, आपले पत्र वाचून मला १९८१ साल आठवले. मी बँकेत कारकून म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि ठाण्यात माझे ओळखीचे कोणीही नव्हते. आमच्या शाखेतल्या एका शिपायांनी मला पहिल्याच शनिवारी दुपारनंतर सोबत घेतले, कौपिनेश्वराच्या देवळात नेले आणि मग मासुंदा तलावाच्या काठावर बसवून, कुठली खानावळ चांगली, कुठला डॉक्टर पैसे उधार ठेवतो, मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी कुठे भरायची, हे सारे सांगितले. त्यांच्यामुळे हे गाव माझे झाले. ते ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झालेले आहे आणि मी आजही त्याचा सभासद आहे.

पुढे माझी बढती झाली तेव्हा मी त्यांना एका मोठ्या हॉटेलात जेवायला नेले. ते आले, जेवले, पण सबंध वेळ पाठ ताठ करून बसले होते. परत येताना तलावपाळीवर, म्हणजे त्याच मासुंद्याच्या काठावर, आल्यावर मात्र तेच म्हणाले, "साहेब, जरा टेकू या." तिथे आम्ही दीड तास बोलत बसलो. माझी चूक अशी झाली होती की त्यांना काय आवडेल याचा विचार न करता मला काय परवडते हे मी त्यांना दाखवायला गेलो होतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच की "मी तुम्हाला नेते" असे म्हणू नका, "माझ्यासोबत याल का, मला एकटीला जावेसे वाटत नाही" असे म्हणा. आपल्या पत्रावरून तेही तितकेच खरे दिसते. ठिकाण म्हणाल तर ठाण्यातच या. आपली गाडी नऊ किंवा दहा नंबरच्या फलाटावर लागेल. पश्चिमेला बाहेर पडले की देऊळ आणि तलाव चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि दर थोड्या अंतरावर बसायला जागा आहे, जी दुखऱ्या गुडघ्यांना फार महत्त्वाची असते.

कळव्याची लेक

माझ्या आईने एकवीस वर्षे वेगवेगळ्या कार्यालयांत साफसफाईचे आणि चहापाण्याचे काम केले, म्हणून या प्रश्नावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

आईला एका मॅडमनी एकदा सिनेमाला आणि नंतर मॉलमध्ये नेले होते. त्या मनाने फार चांगल्या होत्या आणि आई आजही त्यांचे नाव आदराने घेते. पण त्या दिवसाबद्दल तिने घरी येऊन पहिली गोष्ट सांगितली ती चपलेची. तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो तिने दोऱ्याने शिवला होता आणि त्या गुळगुळीत फरशीवर सगळे आपल्या पायांकडेच पाहत आहेत असे तिला सबंध वेळ वाटत राहिले. आपण मावशींना जिथे न्याल तिथे त्यांना आपल्या चपलेचा विसर पडला पाहिजे. देऊळ, तळे, बाग, खाडीचा काठ, अशा जागा त्यासाठी बऱ्या.

दुसरे, रविवार हा आपल्यासाठी सुट्टीचा असतो, पण अशा घरातल्या बाईसाठी तो आठवड्याचे पाणी भरण्याचा, धुण्याचा आणि दळणाचा दिवस असतो. त्यामुळे वेळ आपण ठरवू नका, त्यांना ठरवू द्या, आणि नातवंड सोबत यायचे म्हणाले तर आनंदाने हो म्हणा, कारण ते घरी ठेवून आल्यास त्यांचे अर्धे लक्ष घरीच राहील. तिसरे म्हणजे पैशांचे. सगळा खर्च आपण केला तर त्या पुढच्या वेळी येणार नाहीत. तिकीट आपण काढा आणि चहा त्यांना पाजू द्या. त्या भाकरी घेऊन आल्या तर "कशाला आणलीत" हे शब्द चुकूनही उच्चारू नका.

हे सारे मी आईला वाचून दाखवले. तिने एकच भर घातली. आयुष्यभर दुसऱ्यांना चहा दिल्यावर आपल्या हातात कोणीतरी चहाचा कप आणून दिला की बरे वाटते, असे ती म्हणाली.

ठाणे–बेलापूर रस्ता

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, परंतु एक व्यावहारिक बाजू मांडणे आवश्यक वाटते. पॅन्ट्रीतले कर्मचारी बहुधा कंपनीचे नसून ठेकेदाराचे असतात. ऑफिसात या भेटीचा गवगवा झाला तर त्याचा त्रास आपल्याला नव्हे, त्यांना होतो. एखादा पर्यवेक्षक "मॅडमशी फार जवळीक झाली आहे" असे म्हणून त्यांची दुसऱ्या इमारतीत बदली करू शकतो आणि हे मी घडताना पाहिले आहे. म्हणून विचारायचे ते ऑफिसबाहेर विचारावे, आणि सोबत काढलेले छायाचित्र त्यांच्या परवानगीशिवाय कोणत्याही गटावर टाकू नये.

दिवागावकर

मी ऐरोलीच्या दिवागावातला, म्हणजे ज्या खाडीकडे आपल्या ऑफिसची काच उघडत असेल त्या खाडीकाठचा. आपण दोघी रोज ऐरोलीत उतरता आणि इथून रिक्षेने थोड्याच वेळात पोहोचता येईल अशी जागा पाहिलेली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटली.

ऐरोली–मुलुंड पुलाजवळ वनविभागाच्या कांदळवन (खाडीकाठची तिवरांची झाडी) कक्षाचे सागरी आणि किनारी जैवविविधता केंद्र आहे. तिथून खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवायला नाव नेतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला हे पक्षी येऊ लागतात आणि पाऊस सुरू होण्याच्या सुमारास जातात, त्यामुळे सध्याचे दिवस चांगले आहेत. छोटा आणि मोठा असे दोन्ही जातींचे रोहित इथे दिसतात. चिखलातल्या शेवाळावर आणि बारीक जीवांवर ते जगतात आणि त्या अन्नातल्या रंगद्रव्यामुळेच त्यांचा रंग गुलाबी होतो. लहान पिल्ले करडी असतात, ती गुलाबी व्हायला काही वर्षे लागतात. चोच उलटी करून, मान खाली घालून ते चिखल गाळतात, ते दृश्य नावेतून फार जवळून दिसते. या खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ साली रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, पण आमच्या आज्या त्याच्या कितीतरी आधीपासून याच चिखलात चिंबोऱ्या (खेकडे) आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे) पकडत आल्या आहेत.

नाव भरतीच्या पाण्यावर अवलंबून असते, म्हणून तिची वेळ दररोज बदलते आणि आगाऊ विचारून, तिकीट काढूनच जावे. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवरून करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला. त्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा. खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरावा. मावशींच्या घरी दिनदर्शिका असेलच. तारीख त्यांनाच काढू द्या, हा हिशेब त्यांना आवडेल.

गुडघ्यांचे म्हणाल तर नावेत चढताना हात द्यायला माणूस असतो. नाव जमली नाही तरी तिथे कांदळवनातून फळ्यांची पायवाट आहे. तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिथे पायांशीच दिसतात.

घणसोलीची भाडेकरू

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण जाऊन आल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

मी मावशींना ऐरोली स्थानकाच्या जिन्यावर विचारले आणि नौपाडेकर काकांचेच शब्द वापरले. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. "आधी तू माझ्या घरी जेवायला ये, मग मी तुझ्यासंगं येते," असे म्हणाल्या. त्याप्रमाणे आधीच्या रविवारी मी दिघ्याला गेले. दिघा गाव स्थानक २०२४ च्या जानेवारीत सुरू झाले. त्याआधी त्या रोज ऐरोलीपर्यंत पायी येत, हे मला त्या दिवशी कळले. एवढी वर्षे त्या पायांनी चालल्या आणि मी मात्र गुडघेदुखी वयामुळे आहे असे समजत होते. त्यांच्या सुनेने वांग्याची भाजी केली होती. जेवण झाल्यावर त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली, दिवागावकरांचा पाऊणपटीचा हिशेब माझ्याकडून दोनदा ऐकला आणि स्वतःच बोटांवर मोजून पुढच्या रविवारची त्रयोदशी काढली. मी केंद्रात विचारले तर नाव खरोखरच नऊनंतरची निघाली.

सोबत त्यांची सात वर्षांची नातही आली. नाव तिवरांच्या मधून मोठ्या पाण्यात आली आणि लांबवर गुलाबी पट्टा दिसू लागला, तेव्हा नातीने पहिल्यांदा ओरडून दाखवला. मावशी काही बोलल्या नाहीत. अगदी जवळ गेल्यावर शेकडो पक्षी माना खाली घालून एका ओळीने पुढे सरकताना दिसले, तेव्हा माझा हात धरून त्या म्हणाल्या, "आमच्याकडं बाया खुरपायला लागल्या की अशाच दिसतात बघ. पात धरून." नंतर परत येईपर्यंत त्या मंठ्याच्या शेताबद्दल, आईबद्दल आणि ज्या वर्षी गाव सोडले त्या वर्षाबद्दल बोलत राहिल्या. दीड वर्षात एवढे त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या.

भाकरी आम्ही कांदळवनाजवळ सावलीत बसून खाल्ली. छायाचित्र नातीने काढले. ते फक्त त्यांच्या सुनेच्या आणि माझ्या फोनमध्ये आहे. चहाचे पैसे मावशींनी दिले, पण टपरीवरून कप मी आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि निवेपर्यंत सावकाश प्यायल्या.

मार्चमध्ये माझी आई बार्शीहून येणार आहे. ती आली की आम्ही तिघी कौपिनेश्वराला आणि तलावपाळीला जाणार आहोत, हे मावशींनीच ठरवले आहे. काका, संध्याकाळी तलावावर गर्दी किती वाजल्यापासून होते, एवढे सांगाल का?