उन्हाळ्याच्या तोंडावर मोटरहोम घेऊन : निवृत्त जोडप्यांचे अनुभव

सातारा (धागा सुरू करताना)

मी शाळेतून निवृत्त झाले, हे पाटबंधारे खात्यातून. टेम्पो ट्रॅव्हलरचं बनवलेलं मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, आम्ही भाड्याने घेतो आणि गुढीपाडवा झाला की निघतो. लांब जात नाही. साताऱ्यात जन्म काढला, तरी जिल्हा बघायचा राहिलाच होता. लिंबची बारा मोटांची विहीर त्यातलीच. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी बांधलेली. विहिरीच्या पोटात महाल आहे, भर दुपारी पायऱ्या उतरलं की अंगाला गारवा लागतो. पुढे वाईजवळ मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट आणि चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली ती मोठी घंटा. हे सगळं एका दिवसात उरकता येतं. आम्हाला उरकायचं नव्हतं.

सकाळी सहाला निघायचं आणि दहाच्या आत सावलीत थांबायचं, असा आमचा शिरस्ता. दुपारी गुडघे बोलायला लागले की आडवं व्हायला आपलंच अंथरूण, आपलीच उशी. आमच्या वयाला याहून मोठं सुख मला ठाऊक नाही.

ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांनी मनमोकळं लिहा. रात्री कुठे मुक्काम केलात, पाणी कुठून भरलंत, उकाड्याचं काय केलंत? नुसतं 'छान झालं' नको, मागून जाणाऱ्याला उपयोग झाला पाहिजे.

मिरज

काकू, बायकांच्या मनातलं आधी लिहिते. नोकरीत असताना एसटीने पुण्याला जायचं म्हटलं की मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही. वाटेत कुठे जायचं, ही धास्ती. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींनी अशी तहान मारत प्रवास केलाय आणि पुढे मूत्रमार्गाची दुखणी काढलीत. मोटरहोममध्ये स्वतःचा संडास आहे, म्हणून साठीनंतर मी पहिल्यांदा प्रवासात पोटभर पाणी प्यायले. मुली विचारतात, आई, एवढे पैसे कशाला घालवता? हे त्याचं उत्तर.

आता जबाबदारीची बाजू. संडासाची टाकी ओढ्यात, नदीत किंवा कुणाच्या बांधावर रिकामी करायची नाही. पेट्रोलपंपावर किंवा मंगल कार्यालयात विचारायचं, शंभर-दोनशे रुपये द्यायचे आणि त्यांच्या संडासात ओतून दोन बादल्या पाणी मारायचं. भांड्यांचं खरकटं पाणीसुद्धा वाटेत सोडायचं नाही. आपण गेल्यावर गावाने नाक मुरडलं, तर पुढच्या गाडीला तिथे कोण उभं करून घेईल?

आम्ही कवठेमहांकाळच्या बाजूला गेलो तेव्हा बेदाण्याचे शेड भरलेले होते. जाळीवर थरावर थर द्राक्षं, खालून-वरून वारं आणि गोडसर आंबूस वास. शेडमालकाला विचारून रात्री तिथेच मुक्काम केला. त्यांच्या आईने निवडायच्या ढिगातला ओंजळभर बेदाणा माझ्या पदरात टाकला.

कराड

विजेबद्दल लिहितो, कारण लोक त्यातच फसतात. छतावर एसी दिसला की वाटतं, रात्रभर चालेल. हिशेब करा. २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट. एसी तासाला एक युनिट खातो, म्हणजे दोन-अडीच तासांत खेळ आटोपला. त्यातच फ्रीज आणि पंखे आले. जिथे विजेची जोडणी मिळेल तिथेच एसी, बाकी पंखा आणि उंची. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सांगली साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर सुमारे साडेतेराशेवर. म्हणजे पाच अंश फुकटात.

दुसरी अडचण अशी की आपल्याला सावली हवी आणि सोलरला ऊन. आम्ही घडीचं पॅनेल आणि लांब वायर ठेवतो. गाडी आंब्याखाली, पॅनेल उन्हात.

तासगाव

आमचा अनुभव परदेशातला आहे, चालेल ना? मुलगी जर्मनीत असते. मे महिन्यात मोटरहोम भाड्याने घेऊन आम्ही दोघं मोझेल नदीच्या काठाने फिरलो. तिकडे गावोगावी मोटरहोमसाठी राखलेले तळ असतात, त्यांना श्टेलप्लाट्झ म्हणतात. पैसे भरा, पाणी घ्या, टाकी रिकामी करा, वीज जोडा. रात्री नऊनंतरही उजेड असतो, म्हणून जेवून पुन्हा फिरायला बाहेर पडायचो.

माझा जन्म द्राक्षबागेत गेला. तिथल्या बागा बघून मी थक्क झालो. उभ्या चढावर, पाटीच्या दगडात, एकेका खुंटाला बांधलेली वेल. तो काळा दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो. आमच्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून छाटणी वर्षातून दोनदा: एप्रिलमध्ये फळं निघाल्यावरची खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. तिकडे थंडी वेलीला झोपवते. एका म्हाताऱ्या बागायतदाराला मी हातवारे करून आमची छाटणी सांगितली. त्याने कात्री आणून माझ्या हातात दिली, नि आम्ही तासभर वेलीपाशी उभे. हॉटेलात उतरलो असतो तर हा माणूस भेटला नसता. आपल्याकडे महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन धोरण, म्हणजे अशा गाड्यांच्या पर्यटनासाठीचं सरकारी धोरण, २०२१ मध्ये आलं. तालुक्याला एक असा तळ झाला, तर माझ्यासारखे किती जण निघतील!

वाई

पसरणी घाट उतरताना गिअर खालचाच ठेवा. ब्रेकवर पाय दाबून उतरलात तर ब्रेक तापतात, आणि भरलेल्या टाकीचं वजन विसरू नका, शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. गावात शिरायच्या आधी कमानीची उंची बघा.

इस्लामपूर

यांना इन्सुलिन लागतं. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत राहाव्या लागतात, म्हणून फ्रीज चालू आहे का हे मी झोपायच्या आधी आणि उठल्यावर बघते. गाडी घेताना फ्रीज बॅटरीवर चालतो ना, हे आधी विचारा. चैत्रात शिखर शिंगणापूरला जायचं असेल तर कावडींचे दिवस टाळून जा. त्या गर्दीत मोठी गाडी घालणं यात्रेकरूंवर अन्याय आहे.

सातारा

किती कामाचं लिहिलंत सगळ्यांनी! कराडच्या दादांच्या आंब्याला एक पुरवणी. दुपारनंतर आभाळ भरून आलं की झाडाखालून गाडी काढा आणि बाहेर ओढलेलं छत गुंडाळा. वळिवाचा वारा फांद्या मोडतो, गाराही येतात. आता आम्हाला पाटणवरून हेळवाकपर्यंत कोयनेच्या काठाने जायचंय. त्या बाजूला रात्री मोठी गाडी उभी करू देणारी जागा कुणाला माहीत असेल तर कळवा, पाणी मिळत असेल तर आणखी बरं.