मदत हवी आहे : १९७० ची शेव्हेल एसएस खरी की मालिबूला चढवलेलं सोंग?

नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये असतो. शेजारच्या गावात १९७० ची शेव्हेल एसएस ३९६ (शेव्हर्ले कंपनीच्या शेव्हेल गाडीचं दमदार रूप; मालिबू हे त्याच गाडीचं साधं मॉडेल) विकायला आहे. लाल रंग, बॉनेटवर काळे पट्टे; बघताक्षणी जीव जडला, आणि तिथेच घोळ आहे.

१९६८ पर्यंत एसएसचा चेसिस नंबर १३८ ने सुरू व्हायचा, त्यामुळे खरंखोटं लगेच कळायचं. १९६९ पासून एसएस हे वेगळं मॉडेल न राहता नुसतं पॅकेज (जादा पैसे देऊन घ्यायचा संच) झालं. या गाडीचा नंबर १३६ ने सुरू होतो, पण तो साध्या व्ही-८ मालिबूचाही असतो! एसएससारखा मागचा ॲक्सल १२ बोल्टचा आहे, डॅशबोर्डवर गोल मीटर आहेत. मात्र पुढच्या चाकांना ड्रम ब्रेक निघाले. एसएसला तर डिस्क यायचे ना? मालक म्हणतो, "मागे कोणीतरी बदलले असतील." डिस्क काढून ड्रम कोण बसवतं हो?

इंजिनवर ठोकलेला नंबराचा शिक्का ग्रीसखाली दबलाय, घासायला तो तयार नाही. बिल्डशीट (गाडीत काय काय बसवलं याची कारखान्यातली यादी) पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेली सापडते म्हणतात. टाकी न उतरवता ती बघता येते का? आणि शिक्का नंतर ठोकलेला असेल तर कसा ओळखायचा? शनिवारी पुन्हा जातोय.