खडकवासल्याच्या खाली नदीकाठी फ्लॅट बघतोय, वर टेमघर गळतं म्हणतात, घ्यावा की नको?

नदीकाठचा_नवखा:
नमस्कार मंडळी, मी मूळचा लातूरकडचा, चार वर्षं झाली पुण्यात. सिंहगड रोडला नदीच्या बाजूला रीसेलमध्ये पहिल्या मजल्यावरचा टू बीएचके बघितलाय, रेट आजूबाजूपेक्षा बराच कमी आहे, टोकन पण देऊन बसलोय. आता ऑफिसात सांगितलं तर प्रत्येक जण घाबरवतोय, एक म्हणतो वर टेमघर धरण गळतंय ते फुटलं की संपलं, दुसरा म्हणतो १९६१ ला पानशेत फुटलं होतं तसं परत होणार, तिसरा म्हणतो काही होत नाही रे बिनधास्त घे. आमच्याकडे २०१६ ला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं त्यामुळे धरण भरलं म्हणजे पेढे वाटायचे एवढंच आम्हाला माहीत, भरलेल्या धरणाची भीती वाटते हे इथं येऊन कळलं. तर खरंच धोका किती आहे? कुणी जाणकार असेल तर सांगा, आणि प्लीज व्हॉट्सॲपवरचं फॉरवर्ड टाकू नका, ते सगळं येऊन गेलंय.

सिंहगडरोडकर:
बिनधास्त घे भावा. वीस वर्षं राहतोय, धरण काही फुटत नाही, पाणी सोडतात दरवर्षी, आम्ही पुलावर उभं राहून बघतो आणि भजी खाऊन घरी येतो.

जुना_ओव्हरसिअर:
सिंहगडरोडकर, तुम्ही बहुतेक चढावर राहता.

नवखा, तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात, त्या आधी सोडवू. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा जे माहीत तेच सांगतो.

खडकवासल्याच्या वर तीन धरणं. आंबी नदीवर पानशेत १०.६५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), मोसे नदीवर वरसगाव १२.८२, आणि मुठेवर टेमघर ३.७१. तिघांचं पाणी येतं खडकवासल्यात, आणि खडकवासला स्वतः फक्त १.९७ टीएमसी. म्हणजे तीन हंडे एका ताटात ओतल्यासारखं आहे. वरची भरली आणि पाऊस थांबला नाही की ताटात पाणी थांबणार कुठं, जेवढा येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, तेवढा खाली सोडावाच लागतो. दिवसभर साडेअकरा हजार क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सोडलं की एक टीएमसी होतं, यावरून हिशेब कर, पस्तीस हजारानं सोडलं तर अख्खं खडकवासला सोळा तासात रिकामं होईल एवढं ते पाणी असतं. हा झाला विसर्ग. धरण शाबूत आहे आणि नियमाप्रमाणे चालू आहे तेव्हाची गोष्ट ही.

आता गळती. दगडी धरण थोडंफार झिरपतंच, न झिरपणारं मी तरी बघितलेलं नाही. आत गॅलरी असते, बोगद्यासारखी, वाकून चालावं लागतं, उन्हाळ्यात सुद्धा आत गार आणि पायऱ्या निसरड्या. भिंतीवर पांढरे ओघळ आलेले असतात, चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन वाळतो त्याचे. खाली गटार असतं आणि त्याच्या शेवटी पत्र्याची एक पट्टी, तिच्यात व्ही आकाराची खाच. त्या खाचेतून पाणी किती उंचीनं पडतंय ते पट्टीवर वाचायचं आणि वहीत लिहायचं. मी बॅटरी तोंडात धरून ती आकडेवारी लिहिलीय. तलावाची पातळी तीच आणि खाचेतलं पाणी मात्र वाढलं, की साहेबांना फोन. मातीच्या धरणात तर पाणी किती यापेक्षा कसं येतंय ते बघायचं, स्वच्छ असेल तर ठीक, गढूळ झालं की समजायचं धरणाची माती आतून चाललीय.

टेमघरचं म्हणशील तर ते झिरपणं नव्हतं, २०१६ ला भिंतीतून अक्षरशः कारंजी उडत होती, लोक लवासाला जाताना थांबून फोटो काढायचे. काम निकृष्ट झालं म्हणून गुन्हे पण दाखल झाले. मग वरून भोकं पाडून सिमेंटचं ग्राउटिंग केलं, म्हणजे पातळ सिमेंट दाबानं आत भरलं, पाण्याकडच्या अंगाला शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्यानं काँक्रीट, मारलं, आणि गळती नव्वद टक्क्यांच्या आसपास कमी झाली असं खात्याचं म्हणणं. दुरुस्तीसाठी ते रिकामं करत आले, म्हणून पेपरात चौघांत टेमघरच आधी शून्यावर आलेलं दिसायचं. काळजी करू नको असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या मजल्यावर पाणी यायला टेमघर फुटायची गरज नाहीये, हे लक्षात घे.

पेठेतली_आजी:
मी टाइप करायला हळू आहे, सांभाळून घ्या. १९६१ ला मी चौथीत होते, आम्ही नारायण पेठेत राहायचो. १२ जुलै, बुधवार. सकाळी शाळेत गेलो आणि परत पाठवलं, धरण फुटलं म्हणाले. मोठ्या माणसांना वाटलं अफवा आहे, वडील तर नदी बघायला निघाले होते, आईनं शर्ट धरून ठेवला म्हणून थांबले. नंतर पाणी आलं ते रस्त्यानं धावत आलं असं नाही, ते गटारातून, मोरीतून, सगळीकडून एकदम वर आलं. आम्ही पर्वतीकडे गेलो. दोन दिवसांनी घरी आलो तर भिंतीवर माझ्या डोक्याच्या कितीतरी वर चिखलाची सरळ रेघ, जशी फुटपट्टीनं मारलेली. ज्वारीची पोती भिजून त्याला मोड आले होते, तो आंबूस वास अजून नाकात आहे. आणि गंमत बघा, सगळीकडे पाणीच पाणी झालं आणि प्यायला नळाला थेंब नाही, कारण खडकवासलाच फुटलेलं. मग ज्या पेशव्यांच्या हौदांना लोक विसरले होते तिथं रांगा लागल्या. आम्ही कळशी घेऊन जायचो. पुढे किती तरी वर्षं आई पावसाळ्यात ट्रंक माळ्यावर ठेवायची.

जुना_ओव्हरसिअर:
आजी, नमस्कार. आम्ही खात्यात लागलो तेव्हा तुमच्या वेळचे लोक होते, त्यांच्याकडून हेच ऐकलं.

पानशेतचं नवख्यासाठी सांगतो, कारण "फुटलं" एवढंच सगळे बोलतात. ते मातीचं धरण, काम पूर्ण व्हायचं होतं, तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवलं. पाणी सोडायचा जो मोरीसारखा मार्ग धरणाच्या पोटातून जातो तिथं लोखंडाच्या टंचाईमुळे सळई न घालता काँक्रीटचे ठोकळे वापरले होते, दरवाजाचं काम पण अर्धवट. त्या मार्गावरचा भराव खचायला लागला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी पावसात वाळूची पोती रचली, त्यामुळे काही तास मिळाले आणि पाणी शहरात रात्री नाही तर दिवसा आलं. ते तास मिळाले नसते तर किती माणसं गेली असती याचा विचार पण नको. खालचं खडकवासला दगडी, ब्रिटिशांच्या काळातलं, ते पण हा लोंढा पेलू शकलं नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर धरणाच्या वयावर जाऊ नको, धरण अर्धवट असताना भरलं का, आणि गळतंय म्हणून कुणी सांगितलं तर ऐकलं का, हे बघ. २०१९ ला २ जुलैच्या रात्री चिपळूणकडचं तिवरे फुटलं, वीसच्या वर माणसं गेली, गावकरी आधीपासून गळतीच्या तक्रारी करत होते. नंतर म्हणे खेकड्यांनी पोखरलं.

कालव्याकाठचा:
खेकडे तर आमच्याकडेच ट्रेनिंग घेऊन गेले. २०१८ ला २७ सप्टेंबरला मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला, दांडेकर पुलाच्या वस्तीत भरदिवसा घराघरात पाणी, पाऊस नाही काही नाही, कडक ऊन. तेव्हा पण उंदीर घुशी खेकडे यांच्यावरच ढकललं. त्यामुळे धरणाएवढंच कालव्याकडे पण बघत जा, ते कोण बघतच नाही.

नदीकाठचा_नवखा:
ओव्हरसिअर काका, आजी, खूप आभार. काका, "टेमघर फुटायची गरज नाही" म्हणजे काय ते जरा सांगा ना, रात्री झोप लागली नाही त्या वाक्यानं.

जुना_ओव्हरसिअर:
झोप उडाली ते बरंच झालं, अजून खरेदीखत झालं नाही.

नदीला दोन रेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणारा. मुठेसाठी निळी धरलीय साठ हजार क्युसेकला आणि लाल एक लाखाला. आता २०२४ च्या २५ जुलैला किती सोडलं होतं, तर पस्तीस हजारांच्या आसपास. आणि सिंहगड रोडला नदीकाठच्या एकता नगरीत लोकांना बोटीतून काढावं लागलं. साठ हजाराच्या बऱ्याच खाली, पस्तीसलाच हे झालं. धरणाची भिंत होती तशीच उभी आहे, पण खाली नदीच अरुंद झालीय, राडारोडा टाकून टाकून काठ पुढे सरकवलेत, भराव घातलेत, आणि खडकवासल्याच्या खालचे ओढे नाले पण त्याच वेळी भरून येतात, ते तर कुठल्या दरवाज्यातून मोजलेच जात नाहीत. पाणी पूर्वी पसरायचं, आता पार्किंगमध्ये चढतं.

तू एक काम कर. विकास आराखड्यात पूररेषा बघ ते आहेच, पण आधी सोसायटीत जाऊन पार्किंगमधला विजेचा मीटर बोर्ड बघ, किती उंचीवर आहे आणि कधी बसवलाय.

सिंहगडरोडकर:
हे मात्र बरोबर बोललात काका. आणि हो, मी चढावरच राहतो 😅

नदीकाठचा_नवखा:
अपडेट. काल संध्याकाळी एजंटला न सांगता गेलो. पार्किंगला ताजा पिस्ता कलरचा रंग, वास पण गेला नव्हता. मीटर बोर्ड माझ्या डोक्याच्या वर, स्टूल घेतल्याशिवाय रीडिंग दिसणार नाही. त्याच्या खाली भिंतीत कमरेएवढ्या उंचीला चार भोकं, पुट्टी भरून रंग मारलाय पण बोट फिरवलं की लागतात. लिफ्टच्या दाराला खालच्या अंगाला गंज, एका ठरावीक उंचीपर्यंतच. वॉचमनला विचारलं की बोर्ड एवढा वर का, तर तो एकदम खूश होऊन म्हणाला, साहेब पाणी आलं होतं ना तेव्हा, आता वर घेतलाय, आता काय टेन्शन नाही.

टोकन परत मागितलंय. एजंट कालपासून फोन उचलत नाहीये.