थकबाकीच्या यादीत बी-२०४ कशाला?

(सोसायटीचा ग्रुप, विश्रामबाग, सांगली)

सेक्रेटरी: मेंटेनन्स दोन महिने थकलेले फ्लॅट: ए-१०३, बी-२०४, सी-३०१. १० तारखेपर्यंत भरावे ही नम्र विनंती 🙏

काकू बी-२०४: सेक्रेटरीसाहेब, वीस वर्षांत आमचा एक महिना चुकला नाही. यादीत नंबर टाकण्याआधी एकदा बेल वाजवली असती तर बरं झालं असतं.

सेक्रेटरी: काकू, गैरसमज नको. यादी दर महिन्याला लागते. नियम सगळ्यांना सारखा.

काकू बी-२०४: पैसे नाहीत असं नाही. पेन्शन ह्यांच्या खात्यात, एफडी ह्यांच्या एकट्याच्या नावावर. उजवी बाजू गेली, सही होत नाही. मी नॉमिनी आहे म्हणून बँकेत गेले, तर काउंटरवरची मुलगी म्हणते, नॉमिनीचा हक्क माणूस गेल्यावर. म्हणजे मी काय त्यांच्या जाण्याची वाट बघत बसू? मिरजेच्या दवाखान्याचं बिल पाटल्या गहाण ठेवून भरलंय.

आप्पा ए-१०१: वहिनी, हे आधी का नाही बोललात? शेजारी कशाला आहोत मग.

दादा बी-१०२: मोटर कोणी बंद केली? सकाळपासून टाकी रिकामी आहे.

नाना सी-३०२: म्हणून म्हणतो, वेळेत सगळं पोरांच्या नावावर करावं. मी गेल्या वर्षीच फ्लॅटचं बक्षीसपत्र करून टाकलं. मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये. डोक्याला ताप नाही.

सेक्रेटरी: सर्वांनी नॉमिनेशनचे फॉर्म तीन प्रतींत ऑफिसात द्यावेत. अजून ११ फ्लॅटचे आलेले नाहीत.

वकीलताई ए-३०१: काकू, काकांना बोललेलं कळतं ना? कळत असेल तर मार्ग आहे. सही होत नसेल तर अंगठा चालतो, हाताचा जमत नसेल तर पायाचासुद्धा. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेलं आहे. ७० च्या पुढच्या आणि आजारी माणसासाठी घरी येऊन सेवा द्यायचीही सूचना आहे. काउंटरवर बोलू नका, मॅनेजरना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

काकू बी-२०४: सगळं कळतं गं. शब्द फुटत नाही एवढंच. मुलगा पुण्याहून म्हणतोय, मुखत्यारपत्र करून घेऊ, म्हणजे ह्यांच्या वतीनं आपल्याला सह्या करता येतील.

वकीलताई ए-३०१: करा, पण त्यावर विसंबू नका. आपल्याकडे माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र तिथेच संपतं. नेमकं लागतं तेव्हाच ते उपयोगाचं राहत नाही. मग कोर्टातून पालक नेमून आणायचा, त्यात महिने जातात. म्हणून ज्यांचे हातपाय आज धड आहेत त्यांनी खाती जॉइंट करून घ्या, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील त्यानं चालवायचं. पेन्शनचं खातंसुद्धा नवराबायकोच्या नावावर करता येतं.

सेक्रेटरी: नॉमिनेशनचे फॉर्म तीन प्रतींत. कृपया.

वकीलताई ए-३०१: साहेब, फॉर्म हवाच. पण लोकांना वाटतं नॉमिनी म्हणजे मालक. सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, मालकी ठरते मृत्युपत्रावर नाहीतर वारसाहक्कावर. हेही लिहा ना त्या नोटिशीत.

आप्पा ए-१०१: मृत्युपत्राचं मी सांगतो. बाबांनी केलं होतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी, नोंदणी मात्र नाही. २०१९ च्या पुरात गावभागातलं घर बुडालं. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर कागदांचा लगदा. शाई पसरून सगळं निळं झालेलं, त्यात बाबांच्या सहीचं एक वेलांटीचं टोक तेवढं ओळखू येत होतं. साक्षीदार दोघेही आधीच गेलेले. धाकटा भाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. नोंदवलेलं असतं तर दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळाली असती.

दादा बी-१०२: आप्पा 🙏 (मोटर चालू झाली.)

नाना सी-३०२: एवढे उद्योग करण्यापेक्षा बक्षीसपत्र बरं. पोटच्या पोरावर विश्वास नको का?

आप्पा ए-१०१: नाना, पोराला शेवटचं कधी बघितलंत?

नाना सी-३०२: हा मेसेज डिलीट केला आहे

नाना सी-३०२: माझ्या घरचं तुम्ही बघू नका. ग्रुप कशासाठी आहे ते ध्यानात ठेवा.

वकीलताई ए-३०१: नाना, रागावू नका. तुमच्या बक्षीसपत्रात ‘मुलगा शेवटपर्यंत सांभाळेल’ असं वाक्य आहे का? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं असेल आणि सांभाळलं नाही, तर ते रद्द करून मिळतं. अर्ज प्रांताकडे, आपल्यासाठी मिरजेला. अट लिहिलेली नसली की भांडण लांबतं.

नाना सी-३०२: वाक्य नाही.

नाना सी-३०२: रात्री मोकळी असलीस तर कागद घेऊन येतो.

वकीलताई ए-३०१: या. चहा ठेवते.

आप्पा ए-१०१: नाना, मघाशी जास्त बोललो. माफ करा.

दादा बी-१०२: काकू, काकांचं ७० च्या वरचं आयुष्मान कार्ड काढलंय का? वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, उत्पन्नाची अट नाही. आधार द्या, मी मोबाइलवरून करून देतो. फिजिओ योजनेतल्या दवाखान्यात बसतो का तेही विचारतो.

सेक्रेटरी: नॉमिनेशनचे फॉर्म

सेक्रेटरी: राहू दे. काकू, यादी काढून टाकली आहे. चुकलं माझं, आधी घरी यायला हवं होतं. दोन महिन्यांचे पैसे तुम्हाला जमेल तेव्हा द्या, दंड लावणार नाही. कमिटीला मी सांगतो.

काकू बी-२०४: दंड लागला तरी भरीन. फक्त यादीत नाव नको. ह्यांनी दहा वर्षं सोसायटीचे हिशोब लिहिलेत.

आप्पा ए-१०१: लिहिलेत ओ. एक पैसा इकडचा तिकडे नाही.

काकू बी-२०४: आत्ता ताईचं सगळं त्यांना वाचून दाखवलं. डाव्या हातानं कपाट दाखवत होते. खालच्या खणात एफडीच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेल्या सापडल्या. वर त्यांच्याच अक्षरात तारखा.

वकीलताई ए-३०१: अर्ज मी लिहून देते. उद्या ११ ला बँकेत जाऊ. दुसरा साक्षीदार बँकेच्या ओळखीचा आणि घराबाहेरचा हवा.

आप्पा ए-१०१: मी आहे. माझंही खातं तिथंच आहे.

दादा बी-१०२: लिफ्टवाला सोमवारी सर्व्हिसिंगला येणार होता, दिवसभर बंद राहील म्हणाला.

सेक्रेटरी: त्याला मी पुढची तारीख देतो. बँकेचे साहेब कधी वर येतील ते ठरू दे आधी.